आडतीतलं तस्त

महानंदानं तस्त पळवलं ते शनिवारी सकाळी, सासरे मठात गेल्यावर. पळवलं म्हणजे बाजाराच्या पिशवीत घातलं, वर मेथीची जुडी ठेवली आणि रिक्षा केली. पितळेचं, काठाला पोचा आलेलं भांडं. गुळाची चव बघून बसलिंगाप्पा त्यात थुंकायचे. सकाळी ते तस्त त्यांच्याबरोबर गूळ बाजारातल्या आडतीत जायचं आणि दिवेलागणीला त्यांच्याबरोबर घरी यायचं. थुंकायचं भांडं रोज घरी कशाला आणायचं, हा प्रश्न महानंदाला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात पडला होता. पण हत्तरग्यांच्या घरातली सून प्रश्न विचारत नसते, धुऊन ठेवते. वीस वर्षं तिनं धुऊन ठेवलं.

शुक्रवारी शिवरात्र झाली, शनिवारी अमावास्या, म्हणून सौदे बंद आणि तस्त घरात. नणंदेनं, पवित्रानं, फोनवर सांगितलं होतं, की वैनी, चव बघून लोकांना मोरीत थुकायला लावलं तर कोण थांबायचं न्हाई, जरा भारदस्त भांडं बघा. भारदस्त म्हटल्यावर महानंदाला दुसरं काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचवून घ्यायचंच नव्हतं. त्या घरात वीस वर्षांत तिला स्वतःच्या मनानं करायला मिळालेली पहिली गोष्ट ही चोरी. रिक्षात बसल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की तिनं रिक्षावाल्याला नदीकडनं लांबून घ्यायला सांगितलं.

पवित्राचं दुकान बेटावर होतं. बेट म्हणजे पंचगंगेच्या अंगाचा एक उंचवटा, सासूला, दानम्माला, माहेराकडून मिळालेला, वर गुळाची जुनी वखार. दोन हजार पाच सालच्या पुरात चारी बाजूंनी पाणी चढलं तेव्हा तेवढाच तुकडा कोरडा राहिला. त्या पत्र्याखाली तीन दिवस एकोणीस माणसं आणि अंबूबाईच्या सात म्हशी राहिल्या. त्यात नुकतीच माहेरी परतलेली पवित्राही होती. तेव्हापासून लोक त्या जागेला बेट म्हणायला लागले. पवित्रा म्हणजे बसलिंगाप्पांची धाकटी. गोकाकच्या नवऱ्याला सोडलं, नाशिककडं वाईनच्या कारखान्यात आठ वर्षं चव बघायची नोकरी केली आणि सदतिसाव्या वर्षी परत आली. दानम्मानं ती जागा लेकीच्या नावावर करून दिली. बसलिंगाप्पांना वाटलं, पोरगी पापड-मसाल्याचं काहीतरी काढेल. पोरीनं वाईन काढली.

तरीही निभावलं असतं, पण पाटीनं घात केला. पाटी रंगवली कृष्णात पेंटरनं. सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि फ्लेक्स आल्यापासून तो रिकामा होता. पवित्रानं त्याला सांगितलं, लिही ‘बेट’, आणि खाली लिही ‘वाईन’. ती चहा आणायला आत गेली. बाहेर आली तर खाली लाल जाड अक्षरात लिहिलेलं, ‘वाईन शॉप’. कृष्णात म्हणाला, वाईन म्हटलं की हाताला शॉप येतंयच की, चाळीस वर्षं तसंच लिवतोय. आता आपल्याकडं वाईन शॉप म्हणजे काय, ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. लोखंडी जाळी, जाळीला एक भोक, भोकातून हात आत आणि क्वार्टर बाहेर. वाईन सोडून तिथं सगळं मिळतं. त्या दिवसापासून बेटावर क्वार्टर मागणाऱ्यांची रीघ लागली. पवित्रा प्रत्येकाला सांगायची, की इथं फक्त द्राक्षाची वाईन मिळते, आणि प्रत्येकजण तिच्याकडं आपण फसवले गेल्यासारखं बघायचा.

शॉप पूस म्हणून मल्लेशचा पहिल्याच दिवशी फोन आला. मल्लेश तिचा थोरला भाऊ. त्यानं हुकूम सोडला म्हणूनच तिनं ते पुसलं नाही. हा हट्ट कुणाकडून आला ते सांगायला नको, कारण बसलिंगाप्पा तिच्याशी सहा महिने बोलले नव्हते.

आता त्याच बेटावर शनिवार-रविवार दुपारी चार ते सात, वाईनची चव आणि कृष्णातची चित्रं, असा कार्यक्रम होता. सरकारी परवानगी मिळाली ती नेमकी अमावास्येची. पवित्रा म्हणाली, मिळाली ना, मग झालं. आणि त्याच आठवड्यात अंबूबाईनं कागद काढला. कागद म्हणजे आडव्या बाटलीचा. प्रभागातल्या पुरेशा बायकांनी सह्या केल्या की मतदान लागतं, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. अंबूबाई हुशार. दारोदार फिरण्याआधी ती दानम्माकडं गेली. दुकानवालीच्या आईचीच सही वर असली, की बाकीच्या बायका आपणहून येतील, हे तिला माहीत होतं.

*

मल्लेश साडेचारला बेटावर पोचला तो भांडायच्या तयारीनंच. पुढच्या महिन्यात गूळ व्यापाऱ्यांच्या संघटनेची निवडणूक होती, तो अध्यक्षपदाला उभा होता, आणि आडतीत बसून प्रचार करण्याऐवजी त्याला बहिणीच्या बाटल्यांचा खुलासा करत फिरावं लागत होतं. अप्पांची जीभ म्हणजे बाजारातला शेवटचा शब्द. हत्तरगे म्हणाले ढेप खोटी, तर खोटी. त्या जिभेवर मल्लेश निवडून येणार होता, आणि त्या जिभेला आता दारूचा वास लागला होता.

आत त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त गर्दी होती. कॉलेजातले दोघं-तिघं मास्तर, एक डॉक्टरीणबाई, आणि बाकी सगळी फुकट मिळतंय म्हणून आलेली मंडळी. त्यांच्यात गंगावेशीतला पिराजी, माजी पैलवान, हातात बोटभर वाईन घातलेला ग्लास घेऊन उभा होता. पवित्रा त्याला समजावत होती, की घोट जिभेवर धरायचा, फिरवायचा आणि थुंकायचा. पिराजीला ते काही केल्या पटत नव्हतं. थुकायचंच तर प्यायचं कशाला, असं तो सगळ्यांना फिरून विचारत होता, आणि खरं तर सगळ्यांच्या मनात तेच होतं.

“गूळ बघताना आमचं अप्पा थुकत्यात,” पवित्रा म्हणाली. “त्यांना कोण इचारतंय का, गिळला का न्हाई म्हणून? त्यांच्याकडनंच शिकलो मी.”

पिराजीनं मान डोलावली आणि टेबलावरच्या तस्तात नीट नेम धरून थुंकला. मल्लेशनं ते तस्त बघितलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठाचा पोचा त्यानं लगेच ओळखला. लहानपणी तो पोचा त्यानंच पाडला होता आणि त्यासाठी अप्पांचा मारही खाल्ला होता.

तो काय काय बोलला, ते सगळं इथं लिहायची गरज नाही. देवघरात ठेवायची वस्तू म्हणाला, बाटगी म्हणाला, गोकाकपासूनचं सगळं काढलं. पवित्रानं ऐकून घेतलं आणि ग्लास पुसत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की अण्णा, नाक्यावरचा आपला गाळा जाळीवाल्याला भाड्यानं दिलास तेव्हा देव कुठं गेलतं. मल्लेश म्हणाला, भाडं वेगळं आणि धंदा वेगळा. हे वाक्य त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते त्याला खरंच वाटत होतं. मग त्यानं बायकोला हाक मारली, चल घरी. महानंदा कोपऱ्यात एका चित्रासमोर उभी होती. ती म्हणाली, “तुम्ही व्हा म्होरं. मी चित्रं बघाय लागलोय.” वीस वर्षांत त्यानं हे ऐकलं नव्हतं.

चित्रं बारा होती, जुन्या सिनेमाच्या बोर्डांच्या लाकडी फळ्या कापून त्यांच्या पाठीवर रंगवलेली. गुऱ्हाळाची धुराडी होती, रंकाळ्यावरचा धोबी होता, पुरातल्या म्हशी होत्या. महानंदा ज्याच्यासमोर उभी होती, त्यात चेहरा नव्हताच. समईचा उजेड, बांगड्या भरलेला एक हात, वाकलेली मान, आणि खालून दोन हातांनी धरलेलं तस्त. धरणारे हात पुरुषाचे होते. महानंदानं कृष्णातला विचारलं, हे काय, लग्नातलं का? कृष्णातनं विडी कानामागं खोचली आणि तो म्हणाला, “बघितलं तसं काढलंय. सकाळी लौकर कामाला गेलतो एका घरी.” आणि तो पुढच्या फळीकडं वळला.

*

संध्याकाळी बसलिंगाप्पांना तस्त सापडेना. मल्लेशनं सगळं सांगितल्यावर ते देवघरात जाऊन पाटावर बसले. पोरगी बिघडली याचं हे दुःख नव्हतं, हे दानम्मानं ओळखलं. ते घाबरले होते. कशाला घाबरले होते ते जगात दोघांनाच माहीत होतं.

एकाहत्तर साली त्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच. मीठ आणि साखर सारखीच लागायची. आडत नवी, बाजार सगळा टपलेला. तेव्हा पहाटे गुळाचे नमुने धोतराच्या सोग्यात घरी यायला लागले. देवघराचं दार लावून दानम्मा समईपुढं बसायची, एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात चूळ भरायला पाण्याचा तांब्या. खडा जिभेवर ठेवायची आणि सांगायची, ह्याला चुना जास्त झालाय, ह्यो खाऱ्या जमिनीचा ऊस, ह्याला रंग यावा म्हणून पावडर मारलीया, ह्यो काळा दिसतोय पण खरा हाय. दोन्ही हात अडकलेले, म्हणून तस्त नवरा धरायचा. मग तो आडतीत जाऊन तेच्या तेच बोलायचा आणि चारचौघांत खडा तोंडात टाकून थुंकायचा. छत्तीस वर्षं. श्रावणातले सोमवार, शिवरात्र, काही चुकलं नाही. पहिल्याच वर्षी उपास मोडतो म्हणून ती अडली होती, तेव्हा बसलिंगाप्पांनीच निवाडा दिला होता, की थुकलं ते खाल्लं न्हाई.

या सगळ्याचा दानम्माला कधी राग आला नव्हता. संसार होता, चालला होता. राग आला तो आज दुपारी, पवित्रानं छापलेला कागद महानंदानं बेटावरून आणून वाचून दाखवला तेव्हा. ‘जिभेचे राजे बसलिंगाप्पा हत्तरगे यांच्या कन्येकडून चवीचे धडे.’ पोरीनं बापाला खूश करायला छापलं होतं, हे दिसत होतं. पण लहानपणी ह्या पोरीला मांडीवर घेऊन खडा चाखायला कोणी शिकवलं? देवघराच्या दाराआड काय चालतं हे पोरीला कळायचं वय नव्हतं, हे खरं. तरी दानम्माचा जीव जळला. छत्तीस वर्षांची जीभ तिची, आणि छापून आलं दुसऱ्याचं नाव.

“उद्या सही करून टाक,” बसलिंगाप्पा देवघरातून म्हणाले. “आणि ते तस्त घिऊन ये.”

दानम्मा भाकरी थापत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नवऱ्यानं तिचं गप्प राहणं होकार समजलं. छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

*

रविवारी पाच वाजता सगळेच बेटावर आले. अंबूबाई कागद घेऊन, तिच्यामागं गल्लीतल्या पंधरा-वीस बाया. मल्लेश साक्षीला. बसलिंगाप्पा पांढऱ्या टोपीत, सहा महिन्यांनी लेकीच्या दारात. आणि दानम्मा, इरकल नेसून, ठेवणीतलं. पवित्रानं आईचं लुगडं बघितलं आणि हातातला ग्लास खाली ठेवला. अव्वा एवढी नटून आली म्हणजे सहीच करणार. बायकांच्या मतदानाला लढायची तिची तयारी होती, वकील बघून ठेवला होता. पण आईच्या सहीशी लढायची तयारी तिच्याकडं नव्हती. जागा आईनं दिलेली. तीच म्हणाली बंद, तर पवित्रा कुठल्या तोंडानं उघडं ठेवणार?

अंबूबाईनं कागद टेबलावर पसरला. तिला यात आनंद होत नव्हता, हेही सांगायला पाहिजे. पुरात तिच्या म्हशींना ह्याच पत्र्याखाली जागा मिळाली होती. पण तिचा थोरला लेक नाक्यावरच्या जाळीपुढं पडून असायचा, आणि बाटलीचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. “पवे, तुझ्यावर माझा राग न्हाई,” ती म्हणाली. “पर पाटीवर वाईन शॉप लिवलंय का न्हाई?”

“लिवलंय,” पवित्रा म्हणाली. “आत बघा की क्वार्टर दिसती का.”

बसलिंगाप्पा भिंतीवरचं चित्र बघत होते. समई, बांगड्या, तस्त. मग त्यांनी कृष्णातकडं बघितलं. एकाहत्तर सालीच आडतीची पाटी रंगवायला तो पहाटे घरी आला होता आणि देवघराची खिडकी उघडी होती. कृष्णातनं नजर खाली घातली. बसलिंगाप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, “साकु. पुरं झालं. सही कर, जाऊया.”

दानम्मानं पेन घेतलं. टेबलावर चार बाटल्या होत्या. तिनं पेन खाली ठेवलं.

“आधी चव बघतो,” ती म्हणाली. “माल बघितल्याबिगर मी कधी निवाडा दिला न्हाई.”

मल्लेशला वाटलं अव्वाची जीभ घसरली. निवाडा अप्पा देतात. बाया कुजबुजल्या, गळ्यात लिंग असलेली बाई वाईन तोंडाला लावणार? बसलिंगाप्पा पुढं झाले आणि हळू आवाजात म्हणाले, की हे चालणार नाही, धर्माचं तरी बघ.

“थुकलं ते खाल्लं न्हाई,” दानम्मा मोठ्यानं म्हणाली. “तुम्हीच म्हणालता. परवाच्या शिवरात्रीलाबी चाललं की.”

तिनं लेकीकडून ग्लास घेतला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या धरला. वाईन हुंगली. घोट जिभेवर घेतला, डोळे मिटले. गाल एकदा डावीकडं फुगला, एकदा उजवीकडं. मग ती किंचित पुढं वाकली.

आणि बसलिंगाप्पांनी टेबलावरचं तस्त दोन्ही हातांनी उचलून तिच्या हनुवटीखाली धरलं.

त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. ती वाकली आणि हात गेले. ती थुंकली, चूळ भरून पुन्हा थुंकली. तस्त न हेलकावता, न सांडता, बरोबर जिथं पाहिजे तिथं. पवित्रानं आधी आईकडं बघितलं, मग बापाच्या हातांकडं, मग भिंतीवरच्या चित्राकडं. तिला आपण छापलेला कागद आठवला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. बसलिंगाप्पांच्या लक्षात आलं तेव्हा तस्त हातातच होतं. आता खाली ठेवून उपयोग नव्हता.

पहिली बोलली ती अंबूबाई. चाळीस वर्षं धार काढणारी बाई, तिला हातांची सवय कळते.

“मालक,” ती म्हणाली, “किती साल धरताय हे?”

मल्लेश म्हणाला, काय बोलताय तुम्ही, त्याला काही अर्थ हाय का. पण बसलिंगाप्पांनी त्याला हातानं थांबवलं. खोटं बोलायला सहज जमलं असतं. बाजारातला माणूस, छत्तीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. पण हातात तस्त घेऊन ते जमेना.

“एकाहत्तर सालापासनं,” ते म्हणाले. “जीभ माझी न्हवं. हिची हाय.”

मल्लेश खुर्चीवर बसला. त्याची निवडणूक, अप्पांची जीभ, शेवटचा शब्द, सगळं त्या तस्तात गेलं. महानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तिला हसूही येत होतं, कारण वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर तिला आज मिळालं होतं. दानम्मानं कुणाकडं बघितलं नाही. दुसरा ग्लास पुढं केला. निवाडा अर्धा झाला होता, आणि अर्धा निवाडा तिला आवडत नसे.

पहिल्या बाटलीबद्दल तिनं सांगितलं, द्राक्षं हिरवट असताना तोडलीत, घाई केलीया. दुसरी पवित्राची लाडकी, सगळ्यात महाग, सोनेरी चिठ्ठीची. दानम्मानं ती चाखली आणि तोंड वाकडं केलं. ह्यात वरनं साखर घातलीया, म्हणाली, पावडर मारल्याल्या गुळावानी नुसतं रूप हाय. पवित्रा वाद घालायला तोंड उघडणार होती. पण आठ वर्षांच्या नोकरीमुळं तिलाही त्या बाटलीचा संशय आला होता आणि चिठ्ठी बघून तिनं तो गिळला होता. ती म्हणाली, “काढतो ती. उद्यापासनं ठेवत न्हाई.” तिसरी बरी निघाली. चौथी मिरजेच्या पुढच्या माळावरची, साध्या बाटलीतली. दानम्मानं ती बराच वेळ जिभेवर धरली. बसलिंगाप्पा तस्त धरून उभे राहिले, हात भरून आले तरी.

“ह्यो खरा माल हाय,” ती म्हणाली. “माळाची माती, खोल हिरीचं पाणी. करणाऱ्यानं लबाडी केली न्हाई. हे इकायला लाज कसली?”

अंबूबाई म्हणाली, ते सगळं खरं, पर माझ्या लेकाचं काय. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच दानम्माला त्याला उत्तर द्यावं लागलं. ती उठली आणि कागद ओढून घेतला. “तुझा ल्योक हितं पडतोय का?”

“न्हाई. नाक्यावर. जाळीपुढं.”

“मग ह्या कागदावर नाक्यावरच्या दुकानाचं नाव घाल. गाळा आमचा हाय, म्हाईत हाय मला. आडव्या बाटलीची पहिली सही माझी. दुसरी ह्या माझ्या सुनंची.”

“अव्वा,” मल्लेश म्हणाला, “बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवणार का न्हाई तू मला?”

“तुझं तोंड तू बघ. मी माझं दाखवाय लागलोय.”

अंबूबाईनं क्षणभर विचार केला. मग तिनं पेननं बेटाचं नाव खोडलं आणि नाक्यावरचं घातलं. दानम्मानं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. दानम्मा बसलिंगाप्पा हत्तरगे. पेन महानंदाकडं गेलं. महानंदानं नवऱ्याकडं बघितलंही नाही. मग बाकीच्या बाया. जाताजाता अंबूबाई पवित्राला म्हणाली, ते शॉप तेवढं पूस बाई. पवित्रा म्हणाली, पुसत न्हाई, त्याच्या खाली कृष्णातकाकाकडनं लिवून घेतो, क्वार्टर मिळत न्हाई. पिराजी दारातच होता. तो म्हणाला, हे आधी लिवलं असतं तर माझ्या चार चकरा वाचल्या असत्या.

गर्दी पांगली तसं मल्लेश गाडीत जाऊन बसला. पवित्रा आईजवळ आली. तिला माफी मागायची होती, म्हणून तिनं छापलेल्या कागदांचा उरलेला गठ्ठा उचलला आणि टराटरा फाडला. दानम्मा म्हणाली, फाडतीस कशाला, मागची बाजू कोरी हाय, पुड्या बांधायला झाल्या असत्या. मग तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडं वळली.

“उद्या सौदं हाईत,” ती म्हणाली. “नमुनं घरी आणू नका. मी येतो आडतीत.”

बसलिंगाप्पा नळाखाली तस्त धूत होते. महानंदा घ्यायला धावली, तर त्यांनी दिलं नाही. राखेनं घासलं, काठाचा पोचासुद्धा बोटानं घासला. उभा बाजार हसेल, असं ते म्हणाले. दानम्मा म्हणाली, हसू दे, हसून झालं की भाव इचारतील. त्यांनी तस्त पालथं करून पाणी निथळू दिलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि काखेत घेतलं.

“साडेसहाला रिक्षा सांगतो,” ते म्हणाले. “लौकर आवर.”

“तुम्हीच आवरा,” दानम्मा म्हणाली. “माझं कवाच झाल्यालं असतंय.”